दुपारी आवाज ऐकणारा

कॉम्प्युटरवरच्या काळ्या खिडकीत आज पुन्हा नव्या ओळी होत्या. धर्मराज दुकानातून आला आणि चप्पल न काढताच कॉम्प्युटरपुढं बसला.

दुपारी कुणीतरी अर्पिताचं पान उघडलं होतं. मग खालचा आवाज लावला होता. तोच आवाज, पुन्हा पुन्हा.

त्याची बायको अर्पिता जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. तिच्या आठवणीची वेबसाइट असावी म्हणून त्यानं व्हिडिओ पाहून पाहून तिच्याच कॉम्प्युटरवर वेबसाइट बनवायची साधनं बसवली, आधी पायथन, मग जँगो. दोनदा चुकलं, काढून परत बसवलं. पान दिसलं त्या दिवशी त्याला वाटलं, आता कुठूनही कुणीही तिचं नाव टाकलं की ती दिसेल. पानावर तिचा फोटो होता आणि तिच्या मोबाइलमध्ये सापडलेलं छोटं रेकॉर्डिंग. ते त्यानं चढवलं, पण लावून ऐकायचा धीर त्याला झाला नाही.

काळी खिडकी मिटली की पान बंद पडतं, एवढं तो शिकला होता. म्हणून सगळं चालू ठेवूनच तो मस्तगडातल्या दुकानाला जायचा. कुणी पान उघडलं की त्या खिडकीत ओळ उमटायची.

आणि रोज उमटत होती.

त्याच्या डोक्यात एकच नाव आलं. रिजवान. तो आणि अर्पिता एकाच कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. तिच्या मातीला आला तेव्हा तो नवऱ्यापेक्षा जास्त रडला होता. लोकांनी पाहिलं होतं. जे ऐकायची आपली छाती होत नाही, ते हा रोज ऐकतो. कोणत्या हक्कानं? क्लासवरून उशीर झाला तरी ती हसत घरी यायची, हेही त्याला आता आठवू लागलं.

आईपुढं मन मोकळं करण्यात अर्थ नव्हता. झुंबरबाई आणि अर्पिता एका घरात दोन चुली करून राहिल्या. शेवटी शेवटी तर बोलणंही बंद होतं. सून गेली तेव्हा म्हातारीच्या डोळ्याला पाणी आलं नाही. तरी जेवताना त्याच्या तोंडून रिजवानचं नाव निघालंच. झुंबरबाईनं ताटात भाकर वाढली.

"मेलेल्या माणसावर संशय घेऊ न्हाई," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारीच त्यानं शटर ओढलं आणि क्लास गाठला. रिजवान एकटाच होता.

"माझ्या बायकोचा आवाज तू रोज कायला ऐकतो?"

रिजवानला काही कळेना. धर्मराजनं मोबाइलवर काढलेला पडद्याचा फोटो पुढं केला. रिजवाननं तो मोठा करून पाहिला आणि त्याला खुर्ची दिली.

"भाऊ, हे पान बाहेर कुणालाच दिसत न्हाई. बिलकुल न्हाई. हा पत्ता तुमच्याच कॉम्प्युटरचा आहे. नेटवर तुम्ही अजून टाकलंच न्हाई."

"मंग उघडतं कोण?"

"जो त्या कॉम्प्युटरपुढं बसतो, तो."

धर्मराज घरी आला. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून अर्पिताचा आवाज आला आणि तो उंबऱ्यातच थांबला.

"हॅलो, हॅलो. माझा आवाज येतो का?"

"येतो बाई," कॉम्प्युटरपुढं बसलेली झुंबरबाई म्हणाली. "बोल."