चौदाव्या पानावरची तळटीप

"मी गाडीतच बसतो," ग्रंथपाल म्हणाले. "तुमचं तुम्ही बोलून या."

"अजिबात नाही. पस्तीस वर्षं हवं ते पुस्तक तुम्ही शोधून दिलंत आणि आभार मानायला मी एकटी जाऊ?" बाईंनी त्यांच्या बाजूचं दार उघडून धरलं. ते नाइलाजाने उतरले.

बाई पुढच्या आठवड्यात निवृत्त होणार होत्या. भौतिकशास्त्राच्या तत्त्वज्ञानात आयुष्य गेलं होतं. काळ एकाच दिशेने का जातो, हा एकच प्रश्न आणि त्यावर तीन पुस्तकं. वहिनी अजूनही विचारायची, "म्हणजे तू नक्की शिकवतेस तरी काय?"

याच वहिनीच्या शिकवणी वर्गात त्या एकेकाळी गणित शिकवायला जाणार होत्या. वेळापत्रकही ठरलं होतं. विद्यापीठातल्या हंगामी नोकरीत त्यांचा जीव रमेना. एका त्रैमासिकाकडे पाठवलेल्या पहिल्या लेखाचं उत्तर तेवढं यायचं होतं. अशा लेखांवर एक परीक्षक अभिप्राय देतो. त्याला लेखकाचं नाव कळत नाही, लेखकाला त्याचं. उत्तर आलं ते हिरव्या शाईत: "चौदाव्या पानावरची तळटीप हाच खरा लेख आहे. बाकीचं फाडून टाका आणि तिथून सुरुवात करा. थांबू नका."

बाईंचा लेख तेरा पानांचा होता. परीक्षकाने शीर्षकाचं पान धरून मोजलं असणार. तेराव्या पानावर एक तळटीप होती, लेखातली एकुलती एक: वाळूत पावलं उमटतात ती येऊन गेलेल्यांची, येणाऱ्यांची का नाहीत? बाईंनी बाकीचं फाडलं आणि तिथून सुरुवात केली. वहिनीला नवा शिक्षक शोधावा लागला.

तो अभिप्राय बाईंच्या खोलीत चौकटीत लावलेला असे. ग्रंथपालांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते बराच वेळ तिथे उभे होते. मग म्हणाले होते, "जपून ठेवा. असं कुणी कुणाला सांगत नाही."

त्रैमासिक यंदा बंद पडलं आणि संपादकांनी अखेर परीक्षकाचं नाव सांगून टाकलं.

जिना चढताना बाईंना आठवलं. "तुम्हीही तेव्हा तिथे काहीतरी पाठवलं होतंत ना?"

"त्याच दिवशी. पोस्टाच्या रांगेत तुमच्या मागेच होतो की! विषयही तोच, काळ." ग्रंथपाल कठड्याला धरून चढत होते. "दोन ओळींत निकाल. 'प्रश्न जुना, मांडणी पाल्हाळिक. लेखकाने दुसरं काम बघावं.' मी पडलो आज्ञाधारक. ग्रंथालयात गेलो."

"कोण मेला असं लिहितो?"

"जाऊ द्या हो. त्याच्यापुढे जो लेख आला, त्यावर त्याने लिहिलं."

वरच्या मजल्यावर ग्रंथपालांनी चष्मा लावून दारावरची पाटी वाचली आणि चष्मा पुन्हा खिशात ठेवला. त्याच्याशिवाय त्यांना मनगटावरचं घड्याळही दिसत नसे.

सुनेने दार उघडलं. "या. बाबा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत."

परीक्षक अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. आवाज मात्र खणखणीत. "आभार मानायला आलेल्या तुम्ही पहिल्या. शिव्या घालणारे बरोबर पत्ता काढतात."

बाईंनी भाषण पाठ केलं होतं. त्यातलं एकच वाक्य बाहेर आलं. "सर, तुम्ही 'थांबू नका' लिहिलंत, म्हणून मी थांबले नाही." त्यांनी तिसरं पुस्तक पुढे ठेवलं. अर्पणपत्रिकेत दोन शब्द होते: हिरव्या शाईस.

म्हातारबुवांनी त्या पानावरून हात फिरवला. हाक मारली, "सूनबाई, ते पाकीट आण गं." मग बाईंकडे वळून, "परीक्षकाने लेख परत करायचा असतो. मी त्यातलं एक पान चोरलं. जन्मात एकदाच केली चोरी."

पाकिटातून पिवळं पडलेलं टंकलिखित पान निघालं. कोपऱ्यात आकडा होता, चौदा.

"मला आता दिसत नाही. तळटीप तेवढी वाचा कुणीतरी. मोठ्याने."

बाईंचे डोळे भरले होते. त्यांनी पान न बघताच ग्रंथपालांच्या हातात दिलं आणि रुमाल काढला.

ग्रंथपालांनी ते मांडीवर ठेवलं. घसा साफ केला. "समीकरणांना आधी आणि नंतर यातला फरक कळत नाही. आपल्याला कळतो, कारण आपल्याला काहीतरी गमावता येतं..."

"वा!" परीक्षक म्हणाले.

बाईंनी रुमाल खाली घेतला. हे वाक्य त्यांनी कधीच लिहिलं नव्हतं.

ग्रंथपाल कुठेही न अडखळता शेवटच्या शब्दापर्यंत गेले. चष्मा त्यांच्या खिशातच होता.