मस्कतहून लुकलुकणारा दिवा

ओट्यावर फोन थरथरला आणि शांत घरात शेजारच्या वाटीतला चमचा किणकिणला. हॉलमध्ये रेवू शेवटचा घास गिळून वर बल्बकडे बघत बसली होती.

मस्कतला नोकरीवर जाताना तिच्या बाबाने हा बल्ब बसवला होता. संध्याकाळी ठरलेल्या वेळी, तिचं जेवण झालं, की तो तिथून मोबाइलवरून दिवा लुकलुकवायचा. "तिकडून वीजबिल वाढव तू," असं मी चिडवायचे, पण मलाही त्याचा आधार वाटायचा. या आठवड्यात त्याचा फोन आला नव्हता, तरी दिवा रोज लुकलुकत होता, म्हणून मी निर्धास्त होते.

नंबर अनोळखी होता, आवाज त्याचाच. "अगं, मित्राच्या फोनवरून बोलतोय. माझा रविवारी टॅक्सीत राहिला. तुझा नंबर कुठे पाठ होता? दादाकडून मिळवला. रेवू रुसली असेल ना? इतके दिवस दिवा नाही लुकलुकला."

मी काही बोलणार, तेवढ्यात हॉलमधला दिवा लुकलुकला.

धावत जाऊन मी भिंतीवरचं बटण बंद केलं. अंधारात चाचपडत रेवूला उचललं, छातीशी धरलं. "सोन्या, बाबा नव्हता तो," कसंबसं म्हणाले.

"माहितीये मला," माझ्या गळ्यात हात टाकत ती म्हणाली. "बाबाला मी दिसत नाही ना. या दुसऱ्याला दिसते. मी हात हलवला, की लगेच लुकलुकवतो. तो कुठून बघतो गं, आई?"