शेकोटीपुढची रीत

युकाइमाचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. राजधानीहून बस भरून माणसं पेयोटी हा नशा आणणारा निवडुंग खायला वाळवंटात आली होती. "हे निवडुंग वाढायला वर्षानुवर्षं लागतात, अन् ही मंडळी एका रात्रीत फस्त करतील," ती नवऱ्याजवळ कुरकुरली.

पाहुण्यांचा म्होरक्या, एक दाढीवाला डॉक्टर, म्हाताऱ्या पुजाऱ्याला, मात्सिवाला, समजावत होता. "आजोबा, समाज आता याला तयार आहे."

"बरं झालं," मात्सिवा म्हणाला. "मग खाण्याआधीची आमची रीत पाळा. लग्नाच्या जोडीदाराखेरीज कुणाकुणाबरोबर निजलात, ते इथं शेकोटीपुढं सगळ्यांदेखत सांगायचं. एका नावाला दोरीची एक गाठ. कुणी रागवायचं नाही. शेवटी दोरी जाळून टाकायची."

त्याच्या म्हातारीनं निवांतपणे दोन नावं घेतली. "अगं, तो मेंढपाळ राहिला की," मात्सिवानं आठवण करून दिली, तसे गाववाले पोट धरून हसले. युकाइमाही हसली, पण जरा उशिरा.

पाहुण्यांतलं कुणी हसलं नाही. डॉक्टरच्या बायकोनं डॉक्टरकडे पाहिलं, डॉक्टरनं घड्याळाकडे. बघता बघता सगळे बसमध्ये जाऊन बसले.

"हे म्हणे तयार," युकाइमाचा नवरा हसत म्हणाला आणि त्यानं तिच्या हातात दोरी दिली. "चल, लग्नानंतरची तुझी पहिलीच खेप. आता तुझी पाळी."



युकाइमानं धावत जाऊन निघालेल्या बसचं दार बडवलं, "ड्रायव्हरदादा, एखादी जागा आहे का?"