सहल क्रमांक तीन

"जगातली प्रत्येक थोर संस्कृती नदीच्या काठी जन्माला आली," गाइडताईंनी उजवा हात वर नेत जाहीर केलं, "आणि त्या नदीचं माणसाने पुढे काय केलं, हा इतिहासातला सर्वांत मोठा प्रश्न आहे!"

बसमध्ये कुणी हललं नाही.

"ताई, माईक चालू करा," ड्रायव्हरकाका म्हणाले.

त्यांनी माईक चालू केला, पण संस्कृती पुन्हा जन्माला घालण्याइतका दम उरला नव्हता. शिवाय आपल्याच तोंडून 'प्रश्न' हा शब्द निघाल्यावर त्यांनी जीभ चावली. प्रश्नापायीच तर त्या गोत्यात आल्या होत्या.

मागच्या महिन्यात वीजकेंद्राच्या सहलीत एका पाहुण्याने विचारलं, "बॉयलरमध्ये वाफेचा दाब किती असतो?" ताई म्हणाल्या, "भरपूर." पाहुण्याने लेखी तक्रार केली. सहल कंपनीच्या साहेबांनी ती मोठ्याने वाचली, कागदाची नीट घडी घातली आणि म्हणाले, "अशी अजून एक आली की तुम्ही घरी बसायचं." चार वर्षं ताई नोकरीत कायम होण्याची वाट पाहत होत्या.

म्हणून या खेपेला त्यांनी कंबर कसली होती. पाणी परिषदेच्या पाहुण्यांना सांडपाणी शुद्धीकरण केंद्र दाखवायचं होतं. आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. आज सकाळीही चहा गाळता गाळता नवऱ्याने उजळणी घेतली.

"गाळ म्हणजे काय?"

"जे खाली बसतं ते."

"आणि जे कधीच खाली बसत नाही ते?"

"सासूबाई," ताई म्हणाल्या. त्यांचं दिवसभराचं हसणं तेवढंच.

एवढं करूनही धीर येईना, तेव्हा त्यांनी एक साधी युक्ती काढली होती. कुणाला प्रश्न विचारूच द्यायचा नाही.

परिषद भवनाच्या दारात सकाळी नुसती झुंबड. आत तीन परिषदा, बाहेर सात बस, आणि ज्याच्या त्याच्या गळ्यात निळी पट्टी. ताईंनी 'सहल क्रमांक तीन'ची पाटी उंच धरली. पाटीमागून माणसं चढली. नावं त्यांनी पुकारली नाहीत; परक्या नावाचा उच्चार चुकला तर तीही तक्रारच. डोकी मोजली. यादीत अठ्ठावीस, बसमध्ये अठ्ठावीस. जीव भांड्यात पडला.

"चला काका."

पहिल्याच वळणावर पुढच्या सीटवरच्या पांढऱ्या मिशीवाल्यांनी बोट वर केलं. "मॅडम, एक विचारायचं होतं..."

"प्रश्न शेवटी!" ताई गोड हसल्या. "तोवर सगळं आपोआप कळेल."

मिशीवाल्यांनी बोट खाली घेतलं. माणूस शिस्तीतला दिसत होता. ताईंना अशांचीच धास्ती. असे लोक तक्रार सुवाच्य अक्षरात करतात.

पर्समध्ये फोन थरथरला. साहेब! सहल चालू असताना फोन उचलायचा नाही, हा साहेबांचाच नियम. उचलला तर नियम मोडला, नाही उचलला तर साहेब बिघडले. ताईंनी पर्सची चेन लावून टाकली. पर्स थरथरत राहिली.

केंद्राच्या फाटकातच वासाने स्वागत केलं. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बऱ्याच जणांनी खिशातून आपापला मास्क काढला आणि सराईतपणे कानाला अडकवला.

"मुरलेली माणसं आहेत हो," ताई काकांच्या कानाशी पुटपुटल्या. "आज माझं काही खरं नाही."

"तुम्ही उगाच जिवाला लावून घेता," काका म्हणाले आणि त्यांनी आपली काच वर केली.

माहिती द्यायला केंद्राचे अभियंता आले. डावा गाल टम्म फुगलेला, त्यावर रुमाल. निम्मे शब्द बाहेर येत, निम्मे आतच राहत. ताईंनी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला.

पण झालं भलतंच. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जण अभियंत्यांभोवती गोळा झाले. एकाचीही नजर टाकीकडे वळेना. "आता डावीकडची टाकी बघा," असं अभियंत्यांनी म्हटलं, तरी सगळे त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिले. एका बाईंनी तर छोटा टॉर्च बाहेर काढला आणि भानावर येऊन परत ठेवला. इतक्या तल्लीनतेने गाळाविषयी ऐकणारी माणसं ताईंनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

"मॅडम, दोनच मिनिटं," मिशीवाले मागून आले. "सकाळपासून मला..."

"स्वच्छतागृह उजव्या हाताला!" म्हणत ताई जवळजवळ धावत बसकडे सुटल्या.

परतीच्या वाटेवर त्यांनी अभिप्रायाचे फॉर्म वाटले आणि गोळा केले. वरचे चार-पाच चाळले. 'मार्गदर्शन': उत्तम. उत्तम. अतिशय उत्साही. 'स्थळ' या रकान्यात एकाने 'अनपेक्षित' लिहिलं होतं. ताईंनी ते कौतुकात धरलं. त्यांनी पर्स उघडली. साहेबांचे अकरा फोन येऊन गेले होते. येऊ देत. हा गठ्ठा टेबलावर ठेवला की साहेबांची बोलतीच बंद.

परिषद भवनापाशी सगळे उतरले. उरले एकटे मिशीवाले, तेही नेमके दारात, वाट अडवून.

ताईंनी फॉर्मचा गठ्ठा छातीशी धरला. आता भ्यायचं कशाला? "विचारा," त्या म्हणाल्या. "काय वाट्टेल ते विचारा."

"आम्ही दातांचे डॉक्टर, मॅडम. बसमधले सगळेच. आमच्या कागदावर सहल क्रमांक तीन म्हणजे राजवाडा आणि बाग असं होतं. पण ते राहू द्या," मिशीवाले म्हणाले. "त्या अभियंतासाहेबांचा नंबर तेवढा द्या. अक्कलदाढ आहे, आजच काढावी लागेल."