शिवणखोलीतला हीटर

"हा हीटरही नेऊ का?" ग्लेनिसने विचारलं.

ऑर्विल तळघराच्या शेवटच्या पायरीवर थबकला होता. सापाची काचेची पेटी समोरच्या भिंतीशी होती आणि सहा वर्षांत तो तिच्याजवळ फिरकला नव्हता. "कुठला हीटर?" तो म्हणाला. "घरात एकच हीटर आहे. तो वर, डोरीनच्या शिवणखोलीत."

त्याच्या बायकोला, डोरीनला, जाऊन सोळा दिवस झाले होते. शाळेतून निवृत्त होताना तिने वर्गात पाळलेली केशरी धामण घरी आणली होती. मेबल हे नाव पोरांनी ठेवलेलं. तेव्हा ऑर्विलने एकच अट घातली: "वर आणायची नाही. त्या जनावराची नि माझी गाठ पडता कामा नये." डोरीनने वाद घातला नाही. मेबल तळघरात राहिली. आज तिला न्यायला डोरीनच्या शाळेतली शिक्षिका ग्लेनिस आली होती, गरम पाण्याची पिशवी आणि उशीची जुनी खोळ घेऊन. बाहेर कॅनडातल्या सडबरीची थंडी होती, उणे सव्वीस.

ऑर्विलचा दुसरा हट्ट घराची ऊब ठरवणाऱ्या थर्मोस्टॅटचा. घरात अठरा अंश म्हणजे अठरा अंश. भिंतीवरच्या त्या चकतीला हात लावायचा हक्क त्याचा एकट्याचा. त्याचे वडील तर पंधरावर ठेवायचे आणि त्यात पाच पोरं वाढली, हे तो पाहुण्यांनाही ऐकवायचा. आयुष्यभर त्याने लोकांच्या फर्नेस, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्ट्या, दुरुस्त केल्या, अख्खं गाव उबदार ठेवलं. घरी डोरीन म्हणायची, "दोन अंश तरी वाढव रे. बोटं वळत नाहीत माझी." तो वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणायचा, "स्वेटर घाल."

यंदाच्या थंडीत, डिसेंबरात, तिला खोकला लागला तेव्हा मात्र त्याला पाझर फुटला. चकती त्याने हलवली नाहीच, पण दुकानात जाऊन छोटा हीटर आणला. जुन्या सवयीने वायरीला पिवळी टेप गुंडाळली, तिच्यावर मार्करने 'डोरीन' लिहिलं आणि हीटर शिवणखोलीच्या उंबऱ्यात ठेवला. "घे. आता कुरकूर नको."

ती हीटरकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "थँक्यू, ऑर्व्ह."

तेव्हापासून त्या खोलीचं दार बंद असायचं. ऊब बाहेर जाते म्हणून, ती म्हणाली होती. स्वयंपाकघरात जाताना त्या बंद दारावरून जायला ऑर्विलला बरं वाटायचं. फेब्रुवारीत खोकला छातीत उतरला आणि दहा दिवसांत ती गेली. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, फुप्फुसं नाजूक होती. दफनानंतर सँडविच हातात धरून ऑर्विल येईल त्याला सांगत होता, "शेवटच्या थंडीत मी तिला हीटर आणून दिला होता." त्या एका वाक्यावर तो सोळा दिवस तगून होता. शिवणखोलीत पाऊल टाकायची काही त्याची छाती झाली नव्हती.

आता तो शेवटची पायरी उतरला. हीटर पेटीकडे तोंड करून चालू होता. वायरीला पिवळी टेप होती. टेपवर त्याचंच अक्षर होतं.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" ग्लेनिस म्हणाली. "अहो, पेटीखाली गरम पट्टी आहे, पण ती एकच कोपरा तापवते. बाकी पेटी तळघराइतकीच गार. डिसेंबरात मेबलने खाणंच सोडलं. डोरीनबाईंचा मला फोन आला. मी म्हटलं, घरातली फर्नेस वाढवा की दोन अंश! तर हसायला लागल्या. म्हणाल्या, 'माझं काय गं, मी स्वेटर घालेन. धामणीला थोडाच घालता येतो?'"

ते आठवून ग्लेनिसही हसली. मग तिने ऑर्विलचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं.

ऊब जाऊ नये म्हणून नव्हे, त्याला कळू नये म्हणून ते दार बंद होतं. दोन महिने ती त्या दाराआड गारठत, खोकत शिवत बसली होती. आणि तो बाहेरून स्वतःची पाठ थोपटत होता. त्याला स्वतःची लाज वाटली. एवढी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"मेबल राहू दे इथेच," तो म्हणाला.

"अहो, पण तुम्हाला तर सापांची..."

"राहू दे म्हटलं ना. तिला खोळीत घाल आणि पेटीचं ते टोक धर. वर न्यायचीय."

दोघांनी मिळून पेटी वर नेली, शिवणखोलीतल्या टेबलावर ठेवली; हीटर ग्लेनिसने आणला. मग खोळ आणायला ऑर्विल एकटाच खाली गेला. ती त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरली. खोळ कोमट लागत होती.

मेबलला पेटीत सोडून ग्लेनिस गेल्यावर त्याने दार लोटलं. खोली केवढीशी, एक टेबल, एक खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर तीन स्वेटर होते आणि बोटं कापलेले हातमोजे. हीटर त्याने खुर्ची आणि पेटी यांच्या मधोमध ठेवला, बटण दाबलं आणि डोरीनच्या जागेवर बसला. मेबल पेटीच्या गार टोकाकडून सावकाश सरकत हीटरकडच्या काचेशी आली.

अर्ध्या तासात खोलीत एवढी ऊब झाली की ऑर्विलला अंगातला स्वेटर काढावा लागला.