पापडाचा आवाज

शेजारच्या खाटेवर पापड मोडला की माझी रेवा डोळे मिटून घ्यायची. केमोने तिची प्रतिकारशक्ती गेली आणि तोंडात बुरशी धरली. जिभेवर पांढरा थर, पाणीसुद्धा झोंबायचं. शेजारच्या सार्थकला तोच आजार, तीच औषधं, आणि वर खिचडीबरोबर रोज भाजलेला पापड. तो आवाज माझ्या डोक्यात जायचा. कौतुकाने बघत बसणारी त्याची आई तर मला डोळ्यांसमोर नकोशी झाली होती.

आज सकाळी तीच आली. "ताई, हा काही खायलाच नको म्हणतोय. तुम्हाला कळतं, जरा त्याचं तोंड बघता?"

मोबाइलच्या उजेडात त्याच्या गालाच्या आत पांढरे ठिपके दिसले. बरं झालं, हेच आधी माझ्या मनात आलं. मग मी सिस्टरला हाक मारली.

त्याच्या आईने माझा हात घट्ट धरला. "तुम्ही होतात म्हणून वेळेवर कळलं."

दुपारी डबे उघडले. रेवा डोळे मिटून वाट बघत होती.

"आई, आज पापड नाही वाजला," ती म्हणाली. "मी रोज त्याच्याबरोबर खाते ना, मनातल्या मनात."