पट्टा पोटावर आहे

"झोपलंय हो, दुसरं काही नाही," सिस्टर म्हणाली आणि पोटावरचा पट्टा जरा खाली ओढून घट्ट केला. उशाजवळच्या यंत्रातून ठोके पुन्हा येऊ लागले. धप, धप, धप.

"कालपासून हललं नाही," पलंगावरची बाई म्हणाली. हे ती सकाळपासून सांगत होती.

"दिवस भरले की हलायला जागा कुठं उरते? ठोके ऐकू येतायत ना? मग झालं तर."

खुर्चीत सासू पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "याचा बापही असाच. पोटात झोपायचा, शाळेत झोपायचा. आता कामावर काय करतो देव जाणे."

"म्हणजे नातवंड बापाच्या वळणावर गेलंय, आजी," सिस्टर हसली.

"डॉक्टरांना एकदा बोलवा ना," बाई म्हणाली.

"सर ऑपरेशनला आहेत. तिथं एक खरीच अडलीय. सुटले की येतील."

बाई कुशीवर वळली. उशीत कान दबला आणि कानात तिला स्वतःचे ठोके ऐकू आले. धप, धप. यंत्रही तेच म्हणत होतं. आपली काहीतरी चूक होतेय, असं तिला आधी वाटलं. तिनं जबड्याखाली दोन बोटं दाबून धरली. बोटाखाली एक, यंत्रात एक. बोटाखाली एक, यंत्रात एक. मध्ये केसाचंही अंतर नव्हतं.

"सिस्टर, हे माझंच आहे."

"काय?"

"ठोके. माझे आहेत. बाळाचे नाहीत."

सिस्टर सलाइनची नळी सरळ करत होती. तिनं मान वर केली नाही. "तुमचं काळीज छातीत असतं, ताई. पट्टा पोटावर आहे."

सासूला हसू आलं. सुनेचा चेहरा पाहिला तसं ते मावळलं. "पोरी, त्यांना कळतं गं. रोजचं आहे त्यांचं."

बाईच्या तळव्यांना घाम सुटला. यंत्रातले ठोके भरभर पडू लागले, पडद्यावरचा आकडा चढत गेला.

"घ्या, उठलं," सिस्टर म्हणाली. "बघा कसं दणदणीत पळतंय. उगाच जीव टांगणीला लावलात सगळ्यांचा."

बाईला एकदम सगळं कळलं. ती जितकी घाबरेल तितकं बाळ छान आहे असं यंत्र सांगणार होतं. तिला घाबरायचं थांबवता आलं असतं, तर आकडा उतरला असता, आणि मग तरी कोणी धावून आलं असतं. तिनं डोळे मिटले. शांत वाटावं म्हणून घरातली खिडकी डोळ्यांपुढे आणली. खिडकीत धुऊन वाळत घातलेली झबली होती. यंत्र आणखी जोरात पळालं.

सासूनं पिशवीतून फोन काढला आणि मुलाला लावला. "ऐक रे, तुझं लेकरू," म्हणत तिनं तो यंत्राच्या तोंडाशी धरला.

"बापरे, केवढ्यानं वाजतंय," पलीकडून मुलगा म्हणाला. "असंच असतं का?"

"असंच असतं."

तेवढ्यात डॉक्टर आले. डोक्यावर टोपी तशीच होती, मास्कच्या दोरीचे वळ गालावर उमटले होते. "काय म्हणतंय बाळ?"

"छान आहे, सर. मघाशी झोपलं होतं, आता पळतंय."

"डॉक्टर, ते माझं आहे," बाई म्हणाली. आवाज जेमतेम फुटला.

डॉक्टर हसले. तिची समजूत काढावी एवढ्यासाठीच बहुधा त्यांनी तिचं मनगट हातात घेतलं आणि नजर यंत्राकडे वळवली. हसू चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं, विसरून गेल्यासारखं. मग त्यांनी पट्टा डावीकडे सरकवून पाहिला, उजवीकडे सरकवला, पार खाली नेला. कुठं काहीच ऐकू येईना. पुन्हा पहिल्या जागी आणला, तर पुन्हा तेच ठोके.

"सकाळपासून हेच ऐकताय?"

"हो, सर."

"आणि हिची नाडी? ती कोणी पाहिली?"

सिस्टर यंत्राकडे बघत राहिली. तिच्या हातातली नळी हळूहळू खाली आली.

डॉक्टरांनी मनगट सोडलं नाही. दुसरा हात लांब करून त्यांनी यंत्राचा आवाज बंद केला. बाईनं त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्याकडे पाहत नव्हते.

सासूच्या हातात फोन अजून तसाच यंत्रापुढे धरलेला होता.

"आई," फोनमधून मुलगा म्हणाला, "ऐकू येईनासं झालं बघ. जरा जवळ धर ना."